विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी: धूळ, धूर आणि ट्रकांना वैतागलेल्या नागपूरकरांसाठी

दरवेळी तेच होतं. पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात विकास आराखड्याची, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर काय आणि रस्ते कुठून हे ठरवणाऱ्या नकाशाची, जाहीर सूचना येते. लेआऊटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी तिचा तिरपा फोटो टाकतो आणि तीन दिवस संतापाचे मेसेज फिरतात. चौथ्या दिवशी एक उत्साही काका पानभर मजकूर टाइप करून आणतात, संध्याकाळी घरोघरी सह्या होतात आणि तो कागद सिव्हिल लाइन्सला महानगरपालिकेत नेऊन दिला की सगळे निवांत. वर्षभराने त्याच रस्त्यावर ट्रक उभे राहतात आणि आपण म्हणतो, "आम्ही तर विरोध केला होता."

विरोध केला होता, हरकत घेतली नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः दोनदा हात पोळून घेतल्यावर शिकलो, म्हणून लिहितो.

नकाशा कोणाचा आहे?

नागपुरात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. शहराच्या हद्दीत महानगरपालिका, १९३६ सालापासूनची नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), हद्दीबाहेरच्या मोठ्या पट्ट्यात एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या अधिसूचित भागात महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. सूचनेत 'नियोजन प्राधिकरण' म्हणून ज्याचं नाव छापलंय, अर्ज त्यालाच. कचरा झोन ऑफिस उचलतं म्हणून नकाशाही त्यांचाच, असं समजू नका.

त्याच सूचनेत कलम पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम २६ असेल तर संपूर्ण प्रारूप आराखडा आलाय. कलम ३७ असेल तर मंजूर आराखड्यात एखाद्या तुकड्यापुरता फेरबदल आहे. लोक आराखड्याची वाट बघत बसतात आणि खरी गंमत फेरबदलात होते. निवासीचं व्यापारी होतं, मैदानाचं आरक्षण सरकतं. फेरबदलाला हरकतीची मुदत एक महिन्याची. पूर्ण आराखड्याची मुदत सूचनेतच दिलेली असते.

नकाशा पाहायला स्वतः जा

व्हॉट्सअॅपवरचा नकाशा कामाचा नाही. नगररचना विभागात नकाशा लोकांना पाहायला ठेवलेला असतो आणि त्याचा प्रमाणित उतारा पैसे भरून मिळतो, ही कायद्यातलीच तरतूद आहे. जाताना मौजा (महसुली गावाचं नाव) आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक घेऊन जा. "मंदिराच्या मागचं ते मोठं वावर" असं सांगितलंत तर टेबलामागचा माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहील.

"आधी माहिती अधिकार टाका" हा सल्ला देणारे खूप भेटतील. त्यांना नमस्कार करा. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस आणि फेरबदलाच्या हरकतीला एक महिना. उत्तर हातात पडेल तेव्हा खिडकी बंद झालेली असेल. तो अर्ज सूचना येण्याच्या आधी किंवा निर्णय लागल्यानंतर टाकायचा असतो.

उतारा मिळाला की तो घेऊन जागेवर पायी फिरा. आमच्याकडे कागदावर १२ मीटर असलेला डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, टेपने मोजला, तर वाहतुकीला उरलेली जागा साडेसहा मीटर भरली. मधोमध विजेची डीपी उभी होती. डीपी रोडवरची डीपी. फोटो काढा, टेप दिसेल असा.

गाड्या मोजा

"प्रचंड वाहतूक" या शब्दांना किंमत शून्य. आकडा लिहा.

मोजणीला मशीन लागत नाही. दोन माणसं, एक शाळेची वही, एक घड्याळ. वहीत चार रकाने: दुचाकी, ऑटो आणि ई-रिक्षा, चारचाकी, जड वाहनं. एक जण गाड्या बोलतो, दुसरा काड्या ओढतो; चार उभ्या, पाचवी आडवी. दर १५ मिनिटांनी रेघ मारून नव्या ओळीवर. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८, आठवड्यातले दोन साधे दिवस. जड वाहनांचा त्रास असेल तर एक रात्रही बसा, कारण खरे ट्रक रात्री असतात. आम्ही तर्री-पोह्यांच्या ठेल्याजवळच्या पुलियावर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ठेलेवालाच म्हणाला, "तुम्ही उगाच लवकर येता जी, कंटेनर तर साडेदहानंतर चालू होतात." त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

बेरीज करताना रकाने वेगळेच ठेवा. वाहतूक अभियंते सगळ्या गाड्या एका मापात आणतात, चारचाकी म्हणजे १, दुचाकी त्याहून कमी, ट्रक आणि बस त्याहून जास्त. तो हिशेब त्यांना करू द्या.

हवेच्या आकड्यांबद्दल मात्र जपून. नागपूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे आणि सिव्हिल लाइन्सच्या जीपीओसमोर, अंबाझरी, महाल, रामनगर इथल्या केंद्रांचे आकडे 'समीर' अॅपवर दिसतात. पण तुम्ही कळमन्यात राहत असाल तर अंबाझरीच्या हवेवरून तुमच्या गल्लीचं काही सिद्ध होत नाही. आकडा दिलात तर केंद्राचं नाव आणि अंतरही लिहा. मानक माहीत असू द्या: सूक्ष्म कण पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पीएम १० साठी १००. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ऑनलाइन मागवलेल्या छोट्या मीटरचं रीडिंग पुरावा म्हणून जोडू नका. एका सुनावणीत समोरच्या बिल्डरच्या वकिलाने त्या मीटरवरच दहा मिनिटं खाल्ली आणि आमचा रस्त्याचा मुद्दा राहूनच गेला.

हरकत लिहिणं: सगळा घोळ इथे होतो

माझी पहिली हरकत चार पानांची होती. आईचा दमा, खिडकीच्या गजांवर रोज बसणारी काळी पूड, मुलीला शाळेत सोडताना ट्रकच्या मागच्या चाकाखाली येता येता वाचलेली शेजारीण, रात्रीचे हॉर्न, नाल्याचा वास, सगळं लिहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. सुनावणीला पाळी आली, अधिकाऱ्याने चारही पानं खरोखर वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "काका, हे सगळं बरोबर आहे जी. पण नकाशात बदलायचं काय, ते कुठं लिहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. निकालात एक ओळ आली: मुद्दा वाहतूक नियंत्रणाशी संबंधित असल्याने विचारात घेता येत नाही. ती ओळ वाचून मी आठवडाभर धुमसत होतो. नंतर पटलं की त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

आपण हरकतीची मारबत करतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळी ईडापीडा पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यावर टाकून "घेऊन जा गे मारबत" म्हणत वाजतगाजत काढतो आणि शेवटी जाळून टाकतो. मन मोकळं होतं, पुढच्या वर्षी डास परत. हरकतीवर सगळी पीडा लादली की तिचंही तेच होतं.

आराखडा मोजक्याच गोष्टी बदलू शकतो: जमिनीचा वापर, रस्त्याची रेषा आणि रुंदी, आरक्षण, आणि फेरबदलाला घातलेल्या अटी. हॉर्न, सिग्नल, गतिरोधक, पाणी न मारता चाललेलं बांधकाम, कचरा जाळणं, यातलं काहीच नकाशात नसतं. ते वाहतूक पोलीस, झोन ऑफिस, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे वेगळ्या अर्जाने न्या. हरकतीत त्याची एक ओळसुद्धा नको. एक ओळ दिलीत की अधिकाऱ्याला अख्खा अर्ज तिकडे ढकलायला दार मिळतं.

मग दुखणं लिहायचंच नाही का? लिहायचं, पण नकाशाच्या भाषेत. 'धूळ उडते' याचं होतं: या वापराची जड वाहनं ९ मीटरच्या निवासी रस्त्यावरून जातील. 'रस्त्यावर ट्रक उभे राहतात' याचं होतं: गोदामांसाठी जागा दाखवली आहे, ट्रक उभे करायला आरक्षण दाखवलेलं नाही. 'वास येतो, धूर येतो' याचं होतं: औद्योगिक पट्टा आणि घरं यांच्यामध्ये हरित पट्टा दाखवलेला नाही. 'कोंडी होते' याचं होतं: हा डीपी रोड पुढच्या मोठ्या रस्त्याला जोडलेलाच नाही, मध्ये इतके मीटर तुटलेला आहे. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे कुठला वापर चालतो हे २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत आहे. लोक तिला युडीसीपीआर म्हणतात. तुमच्या जागेला लागू होणारी तरतूद शोधून तिचा क्रमांक लिहा. ओळखीच्या आर्किटेक्टला चहा पाजलात तर दहा मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या वेळी मी जे लिहिलं त्याचा सांगाडा असा होता:

"मौजा अमुक, खसरा क्र. अमुक, सूचनेतील अ.क्र. अमुक. या जागेचा वापर निवासीऐवजी व्यापारी करण्यास माझी हरकत आहे. कारण: जागेचा सध्याचा पोचरस्ता ९ मीटरचा असून त्यावर सोबतच्या मोजणीनुसार संध्याकाळच्या दोन तासांत इतकी जड वाहने आढळली. मागणी: (अ) फेरबदल नामंजूर करावा. तो शक्य नसल्यास (ब) वाहनांचा प्रवेश फक्त उत्तरेकडील २४ मीटर रस्त्यावरून राहील, अशी अट घालावी. (क) ९ मीटर रस्त्याच्या बाजूने सलग भिंत व झाडांचा पट्टा बंधनकारक करावा. मला सुनावणीची संधी द्यावी."

दीड पान, जोडपत्रांसह. यातल्या 'शक्य नसल्यास' या दोन शब्दांवरून माझे लेआऊटमधल्या दोन मित्रांशी कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, आपणच पर्याय दिला म्हणजे आपण हरलो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. फक्त 'नामंजूर करा' लिहिलंत तर समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येतं, आणि बहुतेक वेळा ते 'नाही' असतं. उतरत्या पायऱ्या दिल्यात तर एखाद्या पायरीवर तो थांबू शकतो. आमचा (अ) गेला, (क) गेला, (ब) मिळाला. ट्रकांसाठी तेवढं पुरलं.

आणि ते दोनशे सह्यांचं एक पान करू नका. एकाच मजकुराच्या दोनशे प्रतीही नकोत. त्यांचा एक गठ्ठा होतो आणि एकच उत्तर निघतं. त्यापेक्षा वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या मुद्द्यांचे सात-आठ अर्ज द्या: एकाचा पोचरस्ता, दुसऱ्याचा नाला, तिसऱ्याचं शाळेचं फाटक. प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लिहावं लागतं. नगरसेवकाचं पत्र मिळालं तर जोडा, पण त्याच्या भरवशावर आपला अर्ज सोडू नका.

अर्ज देणं

आवक खिडकीवर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शेवटचा दिवस गाठू नका.

सुनावणी

ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्यालाच बोलता येतं. नुसतं गर्दी करून उपयोग नाही. पूर्ण आराखडा असेल तर हरकती नियोजन समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणातले जास्तीत जास्त ४ जाणकार अशी कायद्याची रचना आहे. फेरबदलाची सुनावणी बहुधा एका टेबलासमोर आटोपते. आपल्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात मौजा, खसरा, मागणी, बस. नकाशाचा उतारा सरळ टेबलावर पसरा आणि त्या रेषेवर बोट ठेवून बोला. बोलणं संपल्यावर त्याचाच सारांश अर्ध्या पानावर द्या आणि "रेकॉर्डवर घ्या" म्हणा. आवाज चढवायचा मोह होतो, विशेषतः मे महिन्यात, जेव्हा बाहेर पारा ४५ ला टेकलेला असतो आणि तुम्हाला ११ची वेळ देऊन दोनला बोलावलेलं असतं. पाण्याची बाटली न्या.

त्यानंतर

इथे बहुतेक जण झोपतात. आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे गेला की तिथेही बदल होतात. मोठ्या स्वरूपाचा बदल करायचा झाल्यास शासन तेवढा भाग बाजूला ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवतं. नगररचनेतली माणसं त्याला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. मनपात हरलेला मुद्दा तिथे पुन्हा मांडता येतो आणि मनपात जिंकलेला तिथे हातचा जाऊही शकतो. म्हणून पोच, मोजणीची वही आणि उतारा एकाच फायलीत ठेवा.

अट मिळाली तर तिचा शब्दन् शब्द असलेल्या आदेशाची प्रत काढा. आमच्या त्या गोदामाचं फाटक २४ मीटर रस्त्याकडेच आहे, पण मी अजून फिरायला जाताना मागच्या बाजूने चक्कर मारतो. गेल्या दिवाळीत मागच्या भिंतीला छोटा ट्रक जाईल एवढं भगदाड पाडलेलं दिसलं. अटीची झेरॉक्स आणि भिंतीचा फोटो जोडून अर्ज दिला. दहाव्या दिवशी तिथे विटा रचणं चालू होतं.