नको असलेली गोळी थांबवताना या चुका टाळा

आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर रोज एखादी तरी पिशवी उलटी केली जाते. नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या वस्त्यांत दवाखाने इतके दाटीने आहेत की भंडारा, गडचिरोली किंवा छिंदवाड्याहून आलेले कुटुंब एकाच दिवसात हृदयाचे, हाडांचे आणि पोटाचे असे तीन डॉक्टर गाठते आणि संध्याकाळी तीन चिठ्ठ्या घेऊन परतते. त्या पिशवीतून अकरा-बारा प्रकारच्या स्ट्रिपा बाहेर पडतात आणि 'ही कशाची?' असे विचारले की रुग्ण मुलाकडे पाहतो व मुलगा आईकडे. पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित चालू असणे हीच वैद्यकशास्त्रात सावधानतेची खूण मानली जाते.

गरज संपलेले औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करणे किंवा थांबवणे हा उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे दोन हजार ज्येष्ठांच्या पाहणीत 92 टक्के लोकांनी सांगितले होते की डॉक्टर हो म्हणाले तर एखादे औषध सोडायला आमची तयारी आहे. सुमारे दोन तृतीयांश लोकांना तर औषधांची संख्या कमीच हवी होती. काउंटरच्या अलीकडून पाहताना मलाही हेच जाणवते. गोळ्या कोणालाच नको असतात. पण प्रत्यक्ष थांबवण्याची वेळ आली की भीती, अपराधीपणा आणि संकोच आडवे येतात. पुढील बहुतेक चुका त्यातूनच घडतात.

'बंद करा' म्हणजे 'आता काही उरले नाही' असा अर्थ लावणे

ऐंशीच्या घरातील वडिलांची एखादी गोळी डॉक्टरांनी काढली की घरात शांतता पसरते. डॉक्टरांनी हात टेकले की काय, अशी शंका रुग्णाला येते आणि 'उद्या काही झाले तर नातेवाईक मलाच बोल लावतील' ही धास्ती सेवा करणाऱ्याला वाटते. ही भीती खुळी नाही, कारण वर्षानुवर्षे 'गोळी चुकवू नका' हेच आपल्याला शिकवले गेले आहे. त्यामुळे गोळी काढली जात असताना तिचे कारण तिथेच विचारून घ्यावे. कमी मात्रेतील ॲस्पिरिनचे उदाहरण घ्या. हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच न झालेल्या अनेक वृद्धांना ती पूर्वी केवळ खबरदारी म्हणून दिली जात असे. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांतून अशा लोकांत तिच्या फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा असल्याचे दिसले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यांनी ती गोळी स्वतःहून मुळीच सोडू नये. हा फरक कळला की गोळी का गेली हे समजते आणि मनातील शंका फिटते.

'मग इतकी वर्षे आम्ही चुकलो का?' या प्रश्नात अडकणे

या चुकीबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा हात थरथरू लागला होता. चाल मंदावली होती आणि बिलावर सही करताना अक्षर बारीक होत जाई. कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) निदान होऊन त्यावरची गोळी सुरू झाली. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळ्या चिठ्ठ्या मागवल्या, तेव्हा ॲसिडिटीसाठी तीन वर्षे रोज घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड हे दुसरे औषधही असल्याचे त्यांच्या लक्षात आले. लेव्होसल्पिराइड मेंदूतील डोपामिन या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचे काम अडवते आणि विशेषतः उतारवयात कंपवातासारखीच लक्षणे निर्माण करू शकते. म्हणजे एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध चढले होते. तज्ज्ञांनी ती कॅप्सूल थांबवली. असा कंप बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींत मात्र टिकून राहतो, हेही त्यांनी सांगितले.

चिठ्ठी घेऊन त्यांचे पती काउंटरशी आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे भाऊ, तीन वर्षं रोज सकाळी मीच हिला हे खाऊ घातलं?" ते रोज पहाटे उठून, पाणी कोमट करून, रिकाम्या पोटी ती कॅप्सूल देत असत. मी त्यांना कॅप्सूलचे पाकीट दाखवले आणि सांगितले की पहिली चिठ्ठी चौदा दिवसांचीच होती. पुढे ती पाहिली गेली नाही आणि आमच्याच दुकानातून औषध जात राहिले, त्यामुळे या चुकीत माझाही वाटा आहे. हे अपराधीपण मनात दडपून ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. ते नकळत जुन्या औषधाचीच बाजू घेतात, कारण ते नको होते असे मान्य करणे म्हणजे आपली सेवा वाया गेली असे मान्य करणे, असे त्यांना वाटते. डॉक्टरांसमोर हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा. अनेकदा उत्तर एवढेच असते की तेव्हा त्रास होता म्हणून औषध हवे होते आणि आता तो त्रास नाही.

गुपचूप, एकदम थांबवणे

डॉक्टर रागावतील म्हणून न सांगता गोळी सोडणारेही कमी नाहीत. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही हृदयाची व रक्तदाबाची गोळी एकदम बंद केल्यास छातीत दुखणे उसळू शकते, क्लोनिडिन ही रक्तदाबाची गोळी सोडल्यास रक्तदाब उफाळतो, दीर्घकाळ चाललेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अचानक थांबवल्यास शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड अपुरे पडते, आणि फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या तडकाफडकी सोडल्यास फिट येऊ शकते. ही औषधे पायरीपायरीने उतरवावी लागतात आणि त्या पायऱ्या डॉक्टरच ठरवतात. रागावण्याची भीती असेल तर वाक्य असे सुरू करावे: "ही गोळी कमी करता येईल का, एवढेच विचारायचे होते."

थांबवल्यावरच्या त्रासाला जुना आजार समजणे

पँटोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी अनेक महिने घेऊन थांबवली की जठर काही काळ नेहमीपेक्षा अधिक आम्ल तयार करते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत जळजळ होते आणि घरातले म्हणतात, 'पाहा, गोळी लागतेच.' प्रत्यक्षात हा गोळी सुटण्याचा परिणाम असतो आणि तो सहसा काही आठवड्यांत शमतो. म्हणूनच मात्रा आधी निम्मी करणे, मग एक दिवसाआड घेणे आणि मधल्या काळात लागेल तसे साधे अँटासिड वापरणे हा मार्ग डॉक्टर सुचवतात. अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना किंवा वेदनाशामके रोज घ्यावी लागणाऱ्यांना मात्र ही गोळी बहुधा चालूच ठेवावी लागते.

झोपेच्या गोळीचेही तसेच आहे. क्लोनाझेपाममुळे वृद्धांमध्ये तोल जाणे, पडणे आणि गोंधळणे वाढते. तरी ती सोडताना पहिल्या काही रात्री झोप उडते आणि सेवा करणाऱ्याचीही उडते. म्हणून साधारणपणे दर दोन आठवड्यांनी पाव हिस्सा इतक्या सावकाश आणि शेवटी त्याहूनही हळू ती कमी केली जाते. या रात्री सोबत कोण जागणार, हे आधी ठरवावे. ते ठरलेले नसेल तर तिसऱ्या रात्री गोळी परत येते, असा माझा अनुभव आहे.

एकाच वेळी दोन-तीन औषधे थांबवू नयेत, कारण त्रास झाला तर तो कशामुळे झाला हे मग कोणालाच सांगता येत नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की घामावाटे पाणी व मीठ जाते आणि हिवाळ्यात ठीक बसलेली बीपीची व लघवीची गोळी वृद्धांना जड होऊ शकते. उठताना भोवळ येत असेल तर बसून व उभे राहून मोजलेला रक्तदाब लिहून डॉक्टरांना दाखवावा.

अर्धीच पिशवी दाखवणे

गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, वैद्यांचे चूर्ण, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्याने सुचवलेले टॉनिक हे सगळे 'औषधात येत नाही' म्हणून घरी राहते. डायक्लोफेनॅकने रक्तदाब वाढतो आणि त्यावर नवी गोळी सुरू होते. सगळे एका पिशवीत घालून न्यावे आणि प्रत्येकापुढे ते कोणी, कधी आणि कशासाठी दिले हे लिहावे. पुण्यात किंवा परदेशात असणाऱ्या भावंडांनाही त्या दिवशी फोनवर घ्यावे; नाहीतर 'बाबांची गोळी कोणी बंद केली?' हा प्रश्न रात्री येतो आणि घरी सेवा करणारी सून एकटीच उत्तर देत बसते.

थांबवलेल्या गोळीच्या उरलेल्या स्ट्रिपा त्याच दिवशी डब्यातून काढाव्यात. 'लागलीच तर' म्हणून त्या कपाटात ठेवल्या जातात आणि पंधरा दिवसांनी दुसरे कोणी डबा भरताना सवयीने त्यातली एक सकाळच्या खान्यात ठेवते. न उघडलेल्या स्ट्रिपा बिलासह आमच्याकडे आणाव्यात, आम्ही शक्य असेल तर परत घेतो. फोडलेल्या असतील तर गोळ्या काढून ओल्या चहापत्तीत मिसळाव्यात, बंद पुडीत बांधाव्यात आणि मगच कचऱ्यात टाकाव्यात.