मे महिन्याचा हिशोब डिसेंबरात: डेस्कटॉपमधल्या एसएसडीचं तापमान

एसएसडीची, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हची, तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, ६३ अंश दिसले आणि तापमानाच्या चौकटीचा रंग बदलला की बरेच जण लगेच पंखे शोधायला लागतात. घाई नको. तो रंग सॉफ्टवेअरमध्ये ठरवून ठेवलेल्या मर्यादेवर बदलतो. तुमच्या ड्राइव्हची मर्यादा वेगळी असते आणि ती ड्राइव्हलाच विचारता येते.

घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ० ते ७० अंश सेल्सिअस असं दिलेलं असतं. सॅमसंग ९८० प्रो आणि ९९० प्रोचंही तेच. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्सला मात्र ८५ पर्यंत मुभा आहे. याशिवाय बहुतेक एनव्हीएमई ड्राइव्हच्या (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान एसएसडींच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन आकडे बसवलेले असतात, एक इशाऱ्याचा आणि एक धोक्याचा. ९८० प्रोमध्ये ते ८२ आणि ८५ आहेत. स्मार्टमाँटूल्स या मोफत प्रोग्रामने ड्राइव्हची पूर्ण माहिती काढली की 'वॉर्निंग' आणि 'क्रिटिकल' या ओळींत ते सापडतात. त्याच यादीत इशाऱ्याच्या वर एकूण किती मिनिटं गेली, तेही नोंदलेलं असतं. तिथे शून्य असेल तर चिंता निम्मी कमी झाली.

आमचा ढोबळ आकडा असा: एनव्हीएमई रिकामा बसलेला असताना ३५ ते ५०, सलग कामात ७० च्या आत. ७० ते ८० मध्ये अधूनमधून गेला तर काही बिघडत नाही, पण रोज तासन् तास तिथेच राहत असेल तर उपाय करा. त्यापुढे ड्राइव्हचं काम चालवणारी मुख्य चिप, म्हणजे कंट्रोलर, स्वतःच वेग कमी करून आपली उष्णता आवरतो. डेटा जात नाही, काम रेंगाळतं. साटा केबलने जोडायची अडीच इंची एसएसडी सहसा ३० ते ५० मध्येच असते. कॅबिनेटमध्ये ती कुठेही बसवा, तिच्यावर वेळ घालवू नका.

उलट टोकालाही जायचं कारण नाही. तापतो तो मुख्यतः कंट्रोलर. डेटा साठवणाऱ्या नँड चिपला लिहिताना थोडी ऊब चालते, किंबहुना मानवते. ड्राइव्ह ३० अंशांवर आणण्यासाठी दोन पंखे वाढवणं म्हणजे नुसता आवाज आणि धूळ विकत घेणं.

आता मोजणी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स आणि तिथून ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, इथे एनव्हीएमईचं तापमान दिसतं. पण तो त्या क्षणाचा आकडा. चाचणीसाठी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम बरा, त्यात कमाल तापमानाचा वेगळा रकाना आहे. एकाच ड्राइव्हसमोर दोन-तीन तापमानं दिसली तर गोंधळू नका, आत सेन्सर अनेक असतात. मर्यादेशी तुलना करायची ती 'कंपोझिट' म्हणजे मुख्य आकड्याची. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खालच्या यादीत याच आकड्यासमोर '१३बी' असलं काही दिसलं तर तो हेक्साडेसिमलमधला केल्विन आहे: १३बी म्हणजे ३१५, त्यातून २७३ वजा केले की ४२ अंश.

मशीन २० मिनिटं नुसतं चालू ठेवा आणि आकडा लिहून घ्या. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ साधा थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमानही लिहा. मग ड्राइव्हवरचाच १०० जीबीचा एखादा फोल्डर त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे कॉपी करा. कॅबिनेटची झाकणं लावलेली असू द्या, उघड्या कॅबिनेटमधला आकडा कामाचा नाही. अर्ध्या मिनिटाची बेंचमार्क चाचणीही नको, ड्राइव्ह पुरता तापण्याआधीच ती संपते. कॉपी झाली की तो फोल्डर पुसा आणि अर्धा तास एखादा जड गेम चालवून पुन्हा बघा. गेममध्ये ड्राइव्हला फारसं काम नसतं, पण शेजारचं ग्राफिक्स कार्ड त्याला भाजून काढतं.

इथे एक चूक हमखास होते. कॉपीचा वेग मधेच कोसळला की लोक उष्णतेला दोष देतात. तापमान ६० च्या आसपास असताना वेग एकदा पडला आणि खालीच राहिला, तर ड्राइव्हची एसएलसी कॅशे, म्हणजे लिहिण्यासाठीची वेगवान तात्पुरती जागा, भरली आहे. त्याला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, काही करू शकत नाही. तापमान इशाऱ्याच्या आकड्याला टेकलं आहे आणि वेग खाली-वर हिंदकळतोय, तर मात्र ते थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे स्वतःहून कमी केलेला वेग.

आता खरा हिशोब. लोडवरच्या कमाल आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा. डिसेंबरात नागपुरात खोली २२ आणि ड्राइव्ह ६२, म्हणजे फरक ४०. पंखे बदलले नाहीत, काम तेच राहिलं तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना बिनएसीच्या खोलीत ४० सहज होतात. म्हणजे ड्राइव्ह ८० वर. हिवाळ्यात निर्धास्त वाटणारं मशीन उन्हाळ्यात दुपारी का अडखळतं, ते यात आहे. तुमच्या खोलीचा मे महिन्याचा आकडा आणि हा फरक यांची बेरीज ७० च्या आत बसली की झालं. मुंबई-पुण्यात ती त्यामानाने लवकर बसते. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे बसवावी लागते.

बसवायची कशी? पहिल्यांदा जागा बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या मधला एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायची खाच) सोयीचा, पण सगळ्यात गरम. त्यातून लिक्विड कूलर लावला असेल तर प्रोसेसरवरचा पंखा गेलेला असतो आणि त्या भागात हवा हलतच नाही. खालचा स्लॉट मोकळा असेल तर ड्राइव्ह तिथे हलवा. त्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा, कारण काही स्लॉट वापरले की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो. पुढून आत हवा घेणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा एक पंखा नसेल तर तो लावा आणि जाळीवरची धूळ काढा.

मग हीटसिंक. मशीन बंद करा, मागचा स्विच पाडा, पॉवर बटण ५ सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. जुनं हीटसिंक पॅडला (ड्राइव्ह आणि हीटसिंकमधल्या मऊ पट्टीला) चिकटलेलं असेल तर सरळ वर ओढू नका, ड्राइव्ह वाकतो. मशीन नुकतंच वापरलेलं असेल तर पॅड मऊ असतो, हलकेच सरकवत सोडवा. पॅडच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिक फिल्म काढा. हे सांगावं लागतं, कारण निळी फिल्म तशीच ठेवून बसवलेली हीटसिंकं कितीतरी दिसतात. ड्राइव्हवरचं स्टिकर खरवडू नका, वॉरंटी त्यावर असते आणि काहींमध्ये तेच उष्णता पसरवतं. ड्राइव्हला स्वतःचं हीटसिंक असेल तर बोर्डाचं वरून चढवू नका.

पॅड ०.५, १ आणि १.५ मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. जाड म्हणजे चांगला, असं नाही. फट भरेल एवढाच पातळ घ्या. जाड पॅडवर स्क्रू आवळला की ड्राइव्ह मधोमध धनुष्यासारखा वाकतो आणि कंट्रोलरच्या सोल्डरवर ताण येतो. खात्री करायची पद्धत सोपी: सगळं बसवून स्क्रू लावा, पुन्हा उघडा आणि पॅडवरचे ठसे बघा. कंट्रोलरचा चौकोन आणि नँडचे आयत स्पष्ट उमटले असतील तर टेकतंय. कंट्रोलरच्या जागी पॅड गुळगुळीत असेल तर हीटसिंक नुसतं शोभेचं आहे. दोन्ही बाजूंना चिप असलेला ड्राइव्ह असेल तर स्लॉटखालचं रबरी बूच काढायला विसरू नका. पाचव्या पिढीचे (पीसीआयई ५.०) ड्राइव्ह मात्र हीटसिंकशिवाय लावूच नका.

विदर्भातल्या घरांसाठी एक जास्तीची सूचना. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. हवा थंड लागते, पण ती ओली असते, आणि बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत गेले तर वाळल्यावर पांढरा थर सोडतात. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, खिडकी उघडी असू द्या.

आणि काढून ठेवलेली जुनी एसएसडी पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. वीज नसताना उष्णता तिच्यातला डेटा लवकर पुसट करते. घरगुती एसएसडीसाठीच्या जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात, लिखाणाची हमी संपेपर्यंत वापरलेल्या ड्राइव्हने विजेशिवाय डेटा १ वर्ष टिकवावा अशी अट आहे, पण ती ३० अंशांवर. माळा मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर जातो. खालच्या कपाटात ठेवा.