अंब्रेला रिगवर जिगहेड लावताना या चुका टाळा

पाच तारांची अंब्रेला रिग, म्हणजे छत्रीच्या काड्यांसारख्या तारांवर प्रत्येकी एक रबरी मासोळी लावून गरवण्याचा सांगाडा, हाती आली की आपल्याकडचे हौशी गरवणारे आधी रबरी मासोळ्यांचे रंग निवडत बसतात आणि जिगहेड, म्हणजे शिशाचे डोके बसवलेला गळ, मात्र डब्यात जे सापडेल ते लावून मोकळे होतात. वाशी, ऐरोली किंवा बेलापूरच्या खाडीकाठी ही रिग दोन-चार वेळा टाकून ‘इथे हे चालत नाही’ असे ठरवणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा जिगहेडमध्ये असते, असे माझे मत आहे. एकट्या मासोळीला शोभणारे जिगहेड रिगवर पाचदा लावले की त्यातली लहानशी चूकही पाचपट होते.

ही रिग अमेरिकेत बास माशासाठी गाजली. ऑक्टोबर २०११ मध्ये अलाबामातील गंटर्सव्हिल जलाशयावरची मोठी स्पर्धा पॉल इलायस यांनी याच रिगवर जिंकली आणि तिची चर्चा सर्वत्र सुरू झाली. तिथे बास खोल जलाशयांत लहान माशांच्या थव्यांमागे फिरतो आणि रिग त्या थव्याचीच नक्कल करते. आपल्या खाडीत बास नाही. इथे जिताडा आणि तांब यांच्यासाठी गळ टाकायचा असतो, पाणी गढूळ, काठ उथळ आणि तळ चिखलाचा. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओत सांगितलेले पाव औंसाचे, म्हणजे सात ग्रॅमचे जिगहेड डोळे झाकून घेणे ही पहिली चूक होय.

वजनाचा हिशेब एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करून पाहावा. माझ्या रॉडवर कमाल २८ ग्रॅम असे छापलेले आहे. सात ग्रॅमची पाच जिगहेड ३५ ग्रॅम भरतात, तीन इंची मासोळी चार ग्रॅमची धरली तर पाचांचे २० आणि तारांचा सांगाडा १४. एकूण ६९ ग्रॅम. अष्टमांश औंसाची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची जिगहेड लावली तरी बेरीज ५१ ग्रॅमच्या पुढे जाते. अशा वेळी आणखी हलकी जिगहेड शोधण्यात अर्थ नसतो, कारण सांगाडा आणि मासोळ्या यांचेच वजन ३४ ग्रॅम होते आणि रॉडची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मग एक तर जाड, जड वजन पेलणारा रॉड घ्यावा, नाहीतर तीन तारांचा पाच-सहा ग्रॅमचा लहान सांगाडा घेऊन त्याला साडेतीन ग्रॅमची तीन जिगहेड लावावीत. त्याची बेरीज २८ ग्रॅमच्या आसपास येते. पाकिटावर छापलेल्या वजनात पुष्कळदा गळाचे वजन धरलेले नसते, म्हणून काटा हवाच. उथळ पाण्यात जड रिगचा दुसरा तोटा असा की ती चिखलात बसू नये म्हणून रील भराभर फिरवावी लागते आणि सावकाश पोहणाऱ्या थव्याचा आभासच नाहीसा होतो.

सगळी जिगहेड एकाच वजनाची लावली तर ओढताना रिग स्वतःभोवती फिरू शकते आणि लाइनला पीळ पडतो. खालच्या दोन तारांवर साडेतीन ग्रॅमची आणि वरच्या दोन तारांवर त्याच्या निम्म्या वजनाची जिगहेड लावावीत. खालचे वजन रिगला सरळ धरून ठेवते. मात्र एखादी मासोळी गळावर तिरकी ओवली गेली असेल तर हा समतोलही कामाला येत नाही, त्यामुळे रिग फिरते आहे असे दिसताच वजने बदलण्याआधी प्रत्येक मासोळी नाकापासून शेपटीपर्यंत सरळ आहे का, हे पाहावे.

गळाची लांबी हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. जिगहेड मासोळीच्या शेजारी आडवे धरावे आणि गळाचा वाक पाठीवर कुठे येतो ते नखाने खूण करून पाहावे. तो शरीराच्या मध्यावर किंवा जरा पुढे आला तर शेपूट मोकळी हलते; मध्याच्या फार मागे गेला तर मासोळी काठीसारखी ताठ होते. तीन इंची मासोळीला साधारणतः दोन शून्य किंवा तीन शून्य (२/० किंवा ३/०) क्रमांकाचा गळ पुरतो, पण क्रमांकावर विसंबू नये, कारण प्रत्येक बनावटीत दांडीची लांबी वेगळी असते.

गळाची तार बारीक घेण्याची चूक मी स्वतः केली आहे. एका उधाणाच्या संध्याकाळी जिताड्याने मधली मासोळी घेतली, मी जाड ब्रेडेड (विणलेल्या धाग्याच्या) लाइनच्या भरवशावर रील आवळून धरली आणि क्षणात सगळे सैल पडले. काठावर आणून पाहतो तर गळ उघडून जवळजवळ सरळ झाला होता. ती बारीक तार हलक्या लाइनसाठी होती. जिताड्याच्या टणक जबड्याला आणि ब्रेडेड लाइनच्या ताणाला जाड तारेचा गळच टिकतो. सगळीकडे जाड गळ लावून वजन वाढवण्यापेक्षा मधल्या आणि खालच्या तारांवर ते लावावेत आणि वरच्या तारांवर हलक्या जिगहेडऐवजी गळ नसलेली, केवळ स्क्रूने अडकणारी मासोळी ठेवावी. कालवे चिकटलेल्या खांबांजवळ अशी रिग अडकण्याची शक्यताही कमी होते. अमेरिकेतील काही राज्यांत तर एका रिगवरील गळांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा आहे.

जिगहेडची कडी तारेच्या टोकाच्या क्लिपमध्ये मोकळी हलते का, हे विकत घेतानाच पाहावे. रंगाने बुजलेली कडी सुईने साफ होते, लहान कडी मात्र मोठी होत नाही.

खाडीचे पाणी खारट असल्याने घरी आल्यावर जिगहेड मासोळ्यांतून काढून गोड्या पाण्याने धुवावीत आणि कोरडी करून ठेवावीत. मासोळी तशीच ओवून ठेवली तर रबराच्या आत गळ गंजतो आणि तो गंज बाहेरून दिसत नाही.

तुटून चिखलात राहणाऱ्या शिशाचा प्रश्नही आहेच. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि फ्लेमिंगो याच चिखलात चोच घालून खातात. टंगस्टनची जिगहेड महाग पडतात, पण ज्या ठिकाणी रिग वारंवार तुटते तिथे मी ती वापरू लागलो आहे.