स्पोर्ट बाइक घेताय? इलेक्ट्रॉनिक्स निवडताना या चुका टाळा, निदान कोकणात तरी

गेल्या वैशाखात दापोलीहून भाच्याचा फोन आला. शोरूममधूनच बोलत होता. "मामा, ह्यात लाँच कंट्रोल आहे!"

म्हटलं, "दापोलीतून लाँच होऊन जाणार कुठे? केळशीला? ते राहू दे. एबीएस दोन्ही चाकांना आहे का ते विचार."

पलीकडे शांतता. लाँच कंट्रोल म्हणजे उभ्या गाडीने चाक न घसरता झपाट्याने सुटायची सोय, आणि एबीएस म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. माहितीपत्रकातली बारा फीचर्स त्याला तोंडपाठ होती, आणि हे एवढं विचारायचं राहिलं होतं. रत्नागिरीत राहून मी गेली पंधरा वर्षं अशा गाड्या चालवतोय. त्यातून सांगतो, माणसं फीचर्स मोजतात, पण आपला रस्ता मोजत नाहीत. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि कडेने जांभ्याचा लाल चिखल. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर डांबरावर शेत सांडत जातो. घाटात शेवाळ असतं, बंदराजवळ मासळीचं पाणी. गाडी या सगळ्यावर चालवायची आहे, शोरूमच्या लादीवर नाही.

"एबीएस आहे" एवढ्यावर मान डोलावणं

१२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. पण सिंगल चॅनेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाचं एबीएस दिलं तरी कायदा पाळला जात होता. त्यामुळे जुनी गाडी घेताना "एबीएसवाली आहे" या वाक्याला निम्माच अर्थ असतो.

माझी आधीची गाडी अशीच होती. जुलैची सकाळ, मिरकरवाड्याच्या रस्त्याला पुढे मासळीचा टेम्पो. बर्फाचं आणि मासळीचं पाणी मागच्या फळीतून टपकत होतं. ते डांबरावर पडलं की त्याचा तेलकट थर होतो, त्यावर पावसाची एक सर आली की साबणच. टेम्पोने ब्रेक मारला, मी सवयीने मागचा ब्रेक दाबला. पुढचं चाक शहाण्यासारखं वागलं, मागचं बाजूने निघून गेलं. वेग तिशीच्या आत होता म्हणून गुडघ्यावर भागलं. कपड्यांचा वास मात्र तीन धुण्यांत गेला नाही.

गाडी तपासताना खाली बसा आणि मागचं चाक बघा. डिस्कच्या आतल्या बाजूला खाचा पाडलेली एक पातळ कडी असते, तिच्यासमोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर आणि त्यातून निघालेली वायर. अशी जोडी पुढेही हवी आणि मागेही. मागे नुसती डिस्क दिसली म्हणून ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही चाकांचं एबीएस, समजू नका. ज्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाची ताकद कमी करणारी सोय) आहे तिला मागच्या चाकाचा वेग कळावाच लागतो, त्यामुळे तिथे मागचा सेन्सर असतोच. तरी एबीएस दोन्ही चाकांना आहे का, हे वेगळं विचारा.

साध्या एबीएसकडून घाटातल्या वळणाची अपेक्षा

सगळ्यात मोठा गैरसमज हा, म्हणून इथे जरा थांबतो.

साधं एबीएस दोन चाकांच्या वेगाची तुलना करतं. एखादं चाक अचानक मंद झालं की त्याच्या ब्रेकचा दाब सोडतं, पुन्हा धरतं. गाडी सरळ आहे की आडवी झुकलीय, हे त्याला ठाऊकच नसतं. आंबा घाटात गाडी झुकवलेली असताना समोर एसटी आली आणि तुम्ही पुढचा ब्रेक कचकन धरलात, तर दोनपैकी एक होतं. गाडी ताठ उभी राहते आणि वळण सोडून सरळ एसटीकडे निघते, नाहीतर टायरची पकड वळण घेण्यातच संपलेली असते आणि एबीएसला कळेपर्यंत पुढचं चाक गेलेलं असतं.

कॉर्नरिंग एबीएस इथेच वेगळं पडतं. त्यात आयएमयू नावाची डबी असते. सहा अक्षांची असेल तर तीन दिशांचा प्रवेग आणि तीन दिशांचं फिरणं मोजते आणि त्यावरून झुकाव काढते. झुकाव जितका जास्त, तितका ब्रेकचा दाब बेताने चढतो. पूर्वी हे फक्त लाखोंच्या मोठ्या गाड्यांत होतं. आता २०२३ मध्ये आलेल्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये आहे. त्याच वर्षीच्या टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० मध्येही मिळू लागलं, पण वेगळ्या पैशांच्या किटमध्ये. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत आहे म्हणजे तुमच्या व्हेरिअंटमध्ये असेलच असं नाही. बिलावर व्हेरिअंटचं नाव नीट वाचा.

महिन्यातून दोनदा कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली चढता-उतरता, तर यासाठी पैसे टाका. घर ते ऑफिस आणि रविवारी आरे-वारेचा किनारा एवढंच असेल, तर साधं ड्युअल चॅनेल पुरे. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि बख्खळ पकडीचे बूट घ्या.

आणि हो, पकड टायर देतो. इलेक्ट्रॉनिक्स असलेली पकड पुरवून वापरतं, नसलेली आणत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरवर आयएमयू लावून लाल चिखलात शिरणाऱ्याला माझा नमस्कार. सुट्या खडीवर आणि चिखलावर तर एबीएसने थांबायला कधी कधी जास्तच अंतर लागतं.

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे ब्रेकचा भाऊ

नव्हे. ते थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, उघडलेला असताना काम करतं. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरायला लागलं की इंजिनाची ताकद छाटतं. ब्रेक मारताना त्याचा उपयोग शून्य.

त्यातून आणखी एक चूक निघते. घाट उतरताना चौथ्यातून एकदम दुसऱ्यात टाकून क्लच फटकन सोडला, की इंजिनच मागच्या चाकाला अडवतं आणि ओल्यावर चाक घसटतं. हे एबीएसला आवरत नाही, कारण ते ब्रेकचा दाब सोडतं आणि इथे ब्रेकचा संबंधच नाही. इथे कामाला येतो स्लिपर क्लच. इंजिनाचा हा अडसर तो मागच्या चाकापर्यंत पूर्ण पोचू देत नाही, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, निव्वळ यांत्रिक रचना. माहितीपत्रकात तो एका ओळीत खाली कुठेतरी असतो. मी तो लाँच कंट्रोलच्या बराच वर ठेवेन.

दीडशे सीसीच्या वर्गात ट्रॅक्शन कंट्रोल नसेल तर रडू नका. यामाहा आर१५ सारख्या अठरा-एकोणीस पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) गाडीत त्याचा दिवा कोरड्या रस्त्यावर क्वचितच लुकलुकतो. चाळीस पीएसच्या आसपास मात्र पावसात ते हवंच.

क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलायची सोय? मजा येते. सुरक्षेच्या यादीत धरू नका.

रेन मोड असून न वापरणं

पोरं सोडा, जाणतेही स्पोर्ट मोडवरच अडकलेले असतात. रेन मोडमध्ये, म्हणजे पावसासाठी इंजिन सौम्य करणाऱ्या सेटिंगमध्ये, गाडी "मेल्यासारखी" वाटते म्हणे. तशीच वाटायला हवी! अपाचे आरआर ३१० च्या २०२० च्या आवृत्तीत स्पोर्टला ३४ पीएस मिळत, रेनमध्ये २५.८, आणि एबीएसही जास्त सावध व्हायचं. घेण्याआधी एवढंच विचारा: या गाडीत रेन मोडने फक्त थ्रॉटल मऊ होतो, की एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलही बदलतं? सेल्समनला सांगता आलं नाही तर मॅन्युअल मागून घ्या.

जेटीचा उतार

दाभोळ-धोपावे फेरीबोटीला उतरताना सुकती (ओहोटी) असेल तर धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो. नुकता पाण्याखालून आलेला, हिरवट, शेवाळलेला. तिथे आपण पायाने टेकत टेकत उतरतो. बहुतेक गाड्यांत एबीएस साधारण ताशी पाच-दहा किलोमीटरच्या खाली काम करणं थांबवतं, म्हणजे नेमकं इथे ते झोपलेलं असतं. पुढचा ब्रेक जोरात धरलात तर चाक लॉक होऊन गाडी आडवी, आणि बोटीवरचे सगळे बघतात. पहिला गिअर, इंजिनाचा अडसर, मागचा ब्रेक हलका. नाहीतर उतरून ढकलत न्या, लाज कसली त्यात.

दिवा लागला की

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पळाल्यावरच विझतो. उभ्या गाडीचा दिवा पाहून मेकॅनिककडे धावू नका. चालतानाही पेटलेलाच राहिला तर घाबरू नका, साधे ब्रेक लागतातच. एबीएस नाही हे धरून हळू चालवा आणि पुढच्या गोष्टी बघा.

सेन्सर आणि कडीच्या मधे जांभ्याचा चिखल सुकून बसलेला असतो. मऊ ब्रश आणि पाणी पुरतं. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कडी वाकली की खर्च वाढला. प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर दिवा लागला असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. माझ्या गाडीचं एका सर्व्हिस सेंटरवर असंच झालं, आणि "मॉड्यूल गेलं, हजारोंचा खर्च" असं ऐकवलं. कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवी बुरशी. खाऱ्या हवेचा प्रसाद. साफ करून ओलावा रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, दिवा गेला. समुद्राकाठी राहणाऱ्याने हे पावसाळ्याआधीच करून घ्यावं. बॅटरी उतरली असेल किंवा फ्यूज गेला असेल तरीही दिवा लागतो, मॉड्यूलच्या आधी ते तपासायला सांगा.

मागे हौसेने रुंद टायर टाकलाय? चाकाचा घेर बदलतो, मग ट्रॅक्शन कंट्रोलला उगाच चाक घसरल्याचा भास होतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा पितं, आणि आपली हवा किती ओली ते सांगायला नको.

भाच्याने शेवटी लाँच कंट्रोलवाली सोडून ड्युअल चॅनेल आणि रेन मोडवाली घेतली. परवा पुन्हा फोन, आवाज रडवेला. "मामा, एबीएस गेलं. दिवा विझतच नाही."

"काय करत होतास?"

"चेनला तेल लावत होतो. पॅडॉक स्टँडवर, गिअर टाकून."

मागचं चाक स्टँडवर अधांतरी फिरतंय, पुढचं स्थिर. बिचाऱ्या गाडीला दुसरं काय वाटणार? म्हटलं, किल्ली बंद कर, चालू कर आणि बाजारापर्यंत जाऊन ये. वीस मिनिटांनी मेसेज आला: दिवा विझला, आणि येताना वडापावही आणला.