पुण्याचा हिवाळा सकाळी नऊपर्यंतच

अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये 14 हिवाळे काढून आम्ही जूनमध्ये पाषाणला राहायला आलो. सामानात दोन जाडजूड पार्का, म्हणजे बर्फात घालायचे टोपीवाले कोट, आणि गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी होती. त्या पट्टीनं मी आता ओट्यावर वाळलेली कणीक काढतो. उत्तम निघते.

तुम्हीही तिकडून येत असाल, तर इथली थंडी महिन्यांत मोजू नका, तासांत मोजा. जानेवारीत पहाटे पारा 10च्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली जातो. दुपारी तोच 30 अंश दाखवतो. उणे 20मध्ये राहिलेल्या माणसाला 10 म्हणजे काय, असं मलाही वाटलं होतं. पण तिकडे घर तापवलेलं असतं. इथे थंडी घरातच येऊन बसते. फरशीला पाय लागला की कळतं. तेव्हा घरात घालायच्या सपाता आणि एक पातळ रजई आल्याआल्या घ्या. बाहेर जाताना पार्का नको. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, फार तर कानटोपी. पहिल्या डिसेंबरात मी पार्का घालून टेकडीवर गेलो आणि उतरताना तो पोत्यासारखा काखेत मारून आणला.

फुलं बघायची तर साडेसहाला घराबाहेर पडा. नोव्हेंबर-डिसेंबरात बुचापासून सुरुवात करा. उंच, सरळ झाड, वर बघून फारसं काही दिसत नाही. खाली बघायचं. रात्री उमललेली लांब देठांची पांढरी फुलं पहाटे रस्त्यावर पडलेली असतात. झाडलोट व्हायच्या आत ओंजळभर उचला. देठात देठ गुंफून त्यांची वेणी होते, दोरा लागत नाही. माझ्या आईला येते, मला अजून नाही.

मग काटेसावर. हिच्याबाबतीत माझी फजिती झाली. पानं झडलेलं झाड म्हणजे मेपर्यंत काही नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे उलट आहे: सावर निष्पर्ण झाली की फुलं जवळ आली समजा. जानेवारीच्या शेवटी काळ्या, गुबगुबीत कळ्या दिसतात आणि फेब्रुवारीत झाड लालभडक होतं. ऊन वर यायच्या आत झाडाखाली उभे राहा. मैना, बुलबुल, कावळे, खारी, सगळे मधावर तुटून पडलेले असतात. फूल पडतं तेही धप्पकन. त्याच सुमाराला पांगारा पेटतो, आंब्याला मोहर असतो, आणि रस्त्याकडेची टॅबेबुया गुलाबी होते. ती परदेशी आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. मी स्वतः परत आलेला, मी काय बोलणार!

26 जानेवारीच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. जा, पण सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका.

बाल्कनीत शेवंती लावायची असेल तर एक गोष्ट ऐका. पावसाळ्यात मी चार रोपं लावली, शेंडे खुडले, शेणखत घातलं. रोपं झकास वाढली, पण दिवाळी उलटली तरी कळी नाही. शेजारच्या काकूंनी एकदा रात्री डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, दिवा बंद करा, तिला झोपू द्या." शेवंतीला कळी धरायला मोठी, काळोखी रात्र लागते, आणि आमचा बाल्कनीतला दिवा रात्रभर जळत होता. कुंड्या मागच्या अंधाऱ्या गच्चीत नेल्या. काही आठवड्यांनी कळ्या आल्या. मावा पडला तर पाण्यात थोडं निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. पाणी बोटानं माती चाचपूनच घाला. थंडीत रोज लागत नाही.

फेब्रुवारी संपता संपता घरातलं कुणीतरी पंखा एकवर लावतं. त्या दिवशी स्वेटर धुऊन, कडक उन्हात वाळवून डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत टाका. पार्का फेकू नका, हिमालयात ट्रेकला जाणारा एखादा भाचा असतोच.