कमरेच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय? आधी मसल्सचं काय होतं ते समजून घ्या

मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून जे हाड हाताला लागतं ना, तिथे ग्लूटियस मीडियस आणि मिनिमस या कुल्ल्याच्या दोन मसल्सचे टेंडन (मसल हाडाला जोडणारे दोर) चिकटलेले असतात, चाळिशीनंतर आणि त्यातही बायकांना इथलंच दुखणं जास्त होतं. टेंडन दुखावला की हे मसल्स कमी काम करायला लागतात, हळूहळू बारीक होतात, आणि टेंडन फाटला असेल तर त्यांच्यात चरबीही भरते जी एमआरआयमध्ये दिसते. मग पुढच्या बाजूचा टीएफएल हा छोटा मसल जास्त भार उचलतो.

घरी बघायचं असेल तर आरशासमोर भिंतीला बोट टेकवून ३० सेकंद दुखऱ्या पायावर उभं राहा, त्या बाजूला बाहेरून दुखलं किंवा कंबर दुसरीकडे कलली तर फिजिओला नक्की दाखवा.

पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर भार देऊन उभं राहणं बंद करा, कारण त्याने टेंडन हाडावर दाबला जातो. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. आणि प्लीज, आयटी बँडचे (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या जाड पट्टीचे) स्ट्रेच नकोत, त्यानेही तेच होतं!

व्यायाम हलका सुरू करा: उताणं झोपून गुडघ्यांच्या वर पट्टा बांधा आणि पाय न हलवता बाहेर दाबा, मग ब्रिज (गुडघे वाकवून उताणं झोपून कंबर वर उचलणं), मग बाजूला पावलं टाकणं. थोडं दुखलं तर चालतं, पण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर भार कमी करा. मसल परत भरायला महिने लागतात. पडल्यावर अचानक पाय उचलताच येत नसेल तर मात्र थेट डॉक्टरकडे जा.