रोलप्लेसाठी ताऱ्यांचा नकाशा: काबिजादी कशा आखाव्यात

चारपाच जण मिळून लिहितात त्या विज्ञानकथेच्या रोलप्लेत कोणाचं राज्य किती पसरणार, म्हणजे कोणाच्या काबिजादी (जिंकून घेतलेले प्रदेश) किती होणार, हे पहिला प्रसंग लिहिण्याआधीच नकाशा बरंचसं ठरवून टाकतो. गोव्यात हे शेतातून चालतानाही कळतं. १५१० साली तिसवाडी, १५४३ साली बारदेश आणि सासष्टी पोर्तुगिजांकडे गेली. फोंडा जायला मात्र १७६३ उजाडलं. शेजारच्या सत्तांचं बळ हे कारण होतंच, पण नद्या आणि खाड्यांनी आखलेल्या कडाही होत्या.

म्हणून आधी वाटा काढा, प्रदेश नंतर. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेट समोर दिसतं, पण फेरीबोटीशिवाय पलीकडे जाता येत नाही. अवकाशातही तसंच ठेवा: दोन ताऱ्यांमध्ये रेघ असेल तरच प्रवास.

पाच खेळाडूंसाठी ए२ कागदावर पेन्सिलीने ३० तारे मांडा आणि ४० रेघा ओढा. म्हणजे एका ताऱ्याला सरासरी दोन ते तीन वाटा मिळतात. रेघा ६० झाल्या की अडवण्याजोगी जागाच उरत नाही, युद्ध कुठेही सुरू होतं आणि कुठेच रंगत नाही. ३२-३३ वर आल्या तर एक तारा हातात घेणारा अर्धा नकाशा कोंडून ठेवतो. गोव्यात उतरणाऱ्या चोर्ला किंवा अनमोड घाटासारखे, वाट अडवता येईल असे नाके चार-पाच असावेत, आणि कुठलाही नाका कोणाच्याही राजधानीला लागून नसावा. दोन राजधान्यांत किमान चार रेघांचं अंतर हवं. कोपऱ्यातल्या राजधानीला एकच वाट दिलीत तर तिच्यावर कोणी चाल करत नाही. तो खेळाडू निवांत वाढतो आणि बाकीचे वैतागतात. त्याला दुसरी वाट द्याच.

प्रत्येक रेघेवर प्रवासाचे दिवस लिहा. हे राहिलं की एकाचं आरमार दुसऱ्या दिवशी पोचतं, दुसऱ्याचं महिन्याने, आणि भांडण कथेबाहेर जातं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. राजधान्या सोडून २५ तारे मोकळे. दर फेरीला प्रत्येकाने एक घेतला तर पाच फेऱ्यांत नकाशा संपला. त्यामुळे शोध, दावा आणि वस्ती अशा तीन पायऱ्या ठेवा, प्रत्येकीला एक फेरी आणि एक लिहिलेला प्रसंग, आणि एका वेळी एकच मोहीम. मग १५ फेऱ्या मिळतात. दाव्यानंतर दोन फेऱ्यांत वस्ती झाली नाही तर दावा रद्द.

रंग फक्त वस्ती झालेल्या ताऱ्याला आणि दोन्ही टोकं आपली असलेल्या रेघेला. मधली पोकळी रंगवू नका. सलग रंग दिसला की खेळाडू रिकाम्या जागेवरही हक्क सांगू लागतो, जिथे माणूस नाही, धंदा नाही, गोष्टही नाही.

नव्या काबिजादींत, म्हणजे फोंड्यासारख्या मागाहून घेतलेल्या प्रदेशांत, स्थानिक रीतिरिवाज चालू ठेवायचं पोर्तुगिजांनी मान्य केलं होतं. खेळात ही सोय फार उपयोगी पडते. जिंकलेला तारा चार फेऱ्या फिकट रंगात ठेवा. तिथे कायदा जुन्या मालकांचा, महसूल अर्धा. झपाट्याने पसरणाऱ्याला आतून लिहिण्यासारखं काही तरी मिळतं.

सगळ्यांना एकच पूर्ण नकाशा देऊ नका, हा आमचा आग्रह. १४९४ च्या तोर्देसिल्यास करारात पोर्तुगाल आणि स्पेनने जग वाटून घेतलं; केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग (अंतराचं जुनं माप) अंतरावर रेघ ठरली, पण रेखांश नीट मोजता येत नव्हते. मसाल्याची मोलुक्का बेटं कोणाच्या वाट्याची, हा वाद १५२९ पर्यंत चालला. पूर्ण नकाशा खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराकडे असावा. खेळाडूला राजधानीपासून दोन रेघांपर्यंतचं खरं आणि त्यापुढचं ऐकीव द्या. दोघांचे नकाशे जुळले नाहीत, की तहाच्या बोलणीचा प्रसंग आपोआप तयार होतो.

तारे, रेघा पक्क्या झाल्या की शाईने गिरवा. मालकी मात्र मूळ कागदावर कधीच नको: दर फेरीला नवा ट्रेसिंग पेपर, कोपऱ्यात फेरीचा क्रमांक. खोडरबराने पुसलेली सीमा आठव्या फेरीत कोणालाच आठवत नाही. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले की कुठला तारा केव्हा गेला ते लगेच दिसतं.